‘ग’पासून सुटलेला काना

३ फेब्रुवारी १९६८
पुन्हा तेच. ‘कागद’ टाइप केला तर ‘ग’चा काना दूर जाऊन उभा. मराठी मशीनवर अर्धा ग वेगळा मारायचा, काना वेगळा. मधे कागद धरणारी गाडी एक घर जास्त सरकली की अक्षरच फुटतं. टायपिंगची परीक्षा २० ला, बुलढाण्याला. मशीन ज्याचं त्यानं न्यायचं. सरांच्या क्लासात मराठी मशीन हे एकच.

५ फेब्रु.
जालन्याचा मिस्त्री आला. वाकून पाहिलं. “चाक झिजलंय. मुंबईहून येईल तवा येईल.” गेला.
दादा म्हणे, “सुमे, काऊन एवढा जीव काढून राह्यली? पुढच्या साली बस परीक्षेले.”
सासर सोडून लेकीला, चिमीला घेऊन त्याच्या घरी आले, दोन वर्षं झाली. एका शब्दानं बोलला नाही कधी. म्हणूनच यंदाच बसायचं.

७ फेब्रु.
पानभर नुसते ग मारले. ओळीच्या सुरुवातीला फुटतात, शेवटाकडे नीट! दुसरं पान, तसंच. चाक झिजलं असतं तर सगळीकडे फुटले असते. सुरुवातीला गाडी ओढणारी स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. कुणीतरी ती फार आवळलीय.
सर : “सुमनबाई, उघडू नका.”

९ फेब्रु.
तीन दिवस मागे लागले. सर शेवटी म्हणाले, “बिघडलं तर तुमच्यावर.” हो म्हटलं.

१० फेब्रु.
ढिली करायला गेले अन् स्प्रिंग हातातून सुटली. भर्रकन सगळी उलगडली. आता गाडी जागची हलेना. सर रागावले असते तर बरं होतं. खिडकीशी जाऊन उभे राहिले नुसते.
बोट कापलंय. चिमीनं विचारलं, “आई, रडून राह्यली का?” नाही म्हटलं. खोटं.

११ फेब्रु.
सकाळपासून स्प्रिंगला एकेक फेरा देत गेले. तीन फेऱ्यांत अक्षरं एकावर एक. चार फेऱ्यांत शेवटी शेवटी चिकटतात. पाचांत सुरुवातीला पुन्हा फट. मग साडेचार फेरे.
‘गगनात ढग’. पानभर. एकही फुटला नाही. सरांनी कागद उजेडाकडे धरला, घडी करून खिशात ठेवला.

२० फेब्रु.
गोधडीत गुंडाळून मशीन मांडीवर, एस.टी.नं बुलढाणा. शेजारच्या टेबलाला मेहकरकडचे एक गृहस्थ. घाम पुसत होते. त्यांची अक्षरं एकमेकांवर चढत होती.
“बाई, तुमाले समजते का यातलं?”
“हो. सरका.”
त्यांच्या स्प्रिंगला एक फेरा दिला. गाडी चालली. तेवढ्यात परीक्षेची घंटा. माझा कागद सरळ करायचा राहूनच गेला.
एक अक्षर फुटलं नाही. ओळी मात्र सगळ्या तिरप्या.

४ मार्च
निकाल अजून नाही. दादाला आज सांगितलं.
“दुसऱ्याचं मशीन काऊन उघडलं व आधी? तुह्या कागदाचं पाह्यचं ना!”
दहा दिवस मीही अशीच बिघडलेल्या मशीनपुढे बसले होते.
तिरप्या ओळींचे किती गुण कापतात, सरांनाही ठाऊक नाही. मग दादा म्हणाला, “चाललं का मंग त्याचं मशीन?”
“चाललं.”
“हाव?” म्हणाला, अन् पहिल्यांदाच विचारलं, ते कसं करतात म्हणून.