मावशीचं गाणं, माझं रेकॉर्डिंग

४ मार्च
मावशीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. एकवीस तारखेला. बोलता येईल, गाता येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशीने जन्मभर गाणं शिकवलं, पण तिचं स्वतःचं एकही रेकॉर्डिंग नाही. मग मीच म्हणालो, मी करतो, एकदम प्रोफेशनल. बायको लगेच फोन काढत होती. फोनवर! मावशी म्हणजे काय रिंगटोन आहे?

६ मार्च
कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बाई एका जागी बसून गाणार ना? मग माईक चांगला घ्या, चित्र फोनचंही चालेल. गिऱ्हाईक ओळखायची अक्कल नाही. सेन्सरबद्दल दोन प्रश्न टाकले. त्याने उत्तरं दिली. मी मान हलवली.

९ मार्च
रिव्ह्यू बघतोय. एक म्हणतो, कॉलर माईकच घ्या. दुसरा म्हणतो, कॉलर माईक घेणारे गाढव. दोघांचंही पटतं.
मावशीचा फोन. आज आवाज लागलाय, येऊ का? म्हटलं, घाई नको. दर्जा महत्त्वाचा.

१३ मार्च
कॅमेरा घेतला! झूम असा की समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याची पापणी दिसते. खोलीत मात्र मावशीचं नाकच मावेल. चूक खोलीची आहे. बायकोने विचारलं, आणि माईक? म्हटलं, टप्प्याटप्प्याने.

१६ मार्च
कॉलर माईक आला. भलताच तेज. फ्रिजची घरघर, शेजाऱ्यांचा खोकला, बायकोचे उसासे, सगळं टिपतो. म्हणून स्टुडिओ अडगळीच्या खोलीत हलवला. भिंतींना, दाराला गाद्या. दाराचं आतलं हँडल खडखडत होतं, काढून टाकलं. इतकं बारीक लक्ष कोण देतं?

१९ मार्च, दुपार
उद्या मावशी ॲडमिट. म्हणजे आजच. बायकोला मुलांसकट तिच्या आईकडे पिटाळलं. मावशीला आत बसवलं. तिचा आणि माझा, दोन्ही फोन बाहेर ठेवले, मध्येच वाजायला नकोत. सगळं सुरू केलं आणि दार घट्ट ओढून घेतलं.

१९ मार्च, थोड्या वेळाने
हँडल नाही, हे दार लागल्यावर लक्षात आलं. शॉट लिहायला वही आत आणली होती, म्हणून लिहितोय. हाका मारून दमलो. बाहेर काही जात नाही. साउंडप्रूफिंग शंभर टक्के यशस्वी.
मावशीने विचारलं, किती वेळ रे? म्हटलं, बायको येईपर्यंत. मग मी गाऊ का, म्हणाली. म्हटलं, गाणं कसलं घेऊन बसलीस, आधी सुटका! ती गायलाच लागली. मी पुन्हा दाराला लाथा घालतो.

२० मार्च
बायकोने काल संध्याकाळी दार उघडलं. मावशी घामाने चिंब, पण खूश. फार दिवसांनी मन लावून गायले, म्हणाली. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोनवर घेऊ. पण तोवर मावशीचा घसा पार बसला होता. मी म्हटलं, काळजी नको, रेकॉर्डर चालूच होता.
आज तिला ॲडमिट करून आल्यावर ऐकलं. चाचणीसाठी माईक माझ्याच कॉलरला लावला होता. तिथेच राहिला. त्यामुळे पुढे मी: अहो कोणी आहे का, दार उघडा, धाड, धाड. मागे कुठेतरी मावशी. व्हिडिओत नाक आहे, पण फोकस गादीवर.
हे सुधारता येतं. सॉफ्टवेअर शोधतोय.

६ एप्रिल
मावशी घरी आली. नुसती कुजबुजते. गाणं आता विसरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकायचं म्हणाली. थोडं काम बाकी आहे, म्हटलं. तिने हट्टच धरला. बायकोनेच लावलं.
मावशीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मला जवळ बोलावून कुजबुजली, छान ओरडतोस रे. मधेमधे ती बाई कोण गाते? तिला तेवढी काढून टाक.
सॉफ्टवेअरमध्ये होतं तसं, असं काहीतरी मी बोललो. बायको उठून आत गेली.
मावशीने पुन्हा पहिल्यापासून लावायची खूण केली. मला उठून जायचं होतं. पण तिने माझा हात धरून ठेवला होता.