काळ्या गाठीची वायर

चि. नाथा यास धुळाजीचा आशीर्वाद.

गुडघे काय म्हणतात? ताराबाईचा दमा थंडीत उठतो, तिला वाफ देतोस ना? शिरूरची मेंढरं धडधाकट? इकडे बायनाबाईचा मोतीबिंदू काढला. आता ती माझ्या चुका लांबूनच बघते. योगिता ठणठणीत. माझ्या काळजात डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. डोक्यातले वायरिंग मात्र शाबूत आहे, म्हणून मी, धुळाजी बिरू गडदे, वय ७२, धंदा मोटार रिवायंडिंग, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. प्रत तुला पाठवतो, कारण एक कलम तुझ्याशिवाय पुरे होत नाही.

कलम १. राहते घर व पोस्टातील ठेव पत्नी बायनाबाईची. मी केलेली आपोआप उघडणारी खिडकी खिळे ठोकून बंद करायची तिला पूर्ण मुभा आहे.

कलम २. दुकानाची हत्यारे रामहरीला. मोठी पकड नेऊन सात वर्षे तो "आणतो की मामा" म्हणतोय. तीही त्याचीच समजावी.

कलम ३. शेडमधले दोन माणसांचे विमान मुलगी योगिता हिला. ती विमानदुरुस्ती रीतसर शिकली. मी पंप फोडफोडून शिकलो. सरकारी तपासणी व परवाना होईपर्यंत चाके जमिनीवरून उचलू नयेत.

कलम ४. नाथा, हे तुझे. आपण दोघांनी विमान बांधले तेव्हा सगळी वायर पाणबुडी मोटारीची, एकाच रंगाची. आपले आबा मेंढरांच्या गळ्यात रंगीत लोकर बांधून खूण ठेवायचे, तशा आपण वायरींना गाठी मारल्या. तांबडी दिव्याची, पिवळी रेडिओची. आता ती जड, तडकलेली वायर काढून योगिताने हलकी, आकडे छापलेली घातली. रेडिओत इंजिनाची घरघर यायची. मी ट्रॅक्टरसारखी त्याची अर्थिंग इंजिनाच्या बोल्टला दिली होती. वेगळी केली, घरघर गेली.

राहिली एकच वायर. डाव्या पंखात शिरते. काळी लोकर, गाठ उलटी. म्हणजे डावखुऱ्याची, तुझी. मीटर लावला तर काहीच बोलत नाही.

बायनाबाई म्हणते, "कापून टाका की! काहून जीव काढताव तिच्यापायी?"

"कापली तर कशाची होती ते कसं कळंल?"

योगिता म्हणते, "अण्णा, जिचं काम सांगता येत न्हाई, असली एकबी वायर ठेवून मी उडणार न्हाई."

पंखाचे कापड उसवले तर वर्ष जाईल, आणि स्प्रिंगचा भरवसा तेवढा नाही. वायरचा उलगडा होईपर्यंत विमान शेडमध्येच राहावे. तोवर कलम ३ नुसता कागद.

कलम ५. इंजिन पहिल्यांदा सुरू केले तेव्हा तुझा कळप बिथरला, म्होरक्या मेंढा विहिरीत पडला. मी म्हणालो, "एका मेंढ्यापायी एवढं?" तू म्हणालास, "दादा, तुझं हे उडायचं इमान मोडलं असतं तर असंच म्हणला असतास का?" आणि निघून गेलास. अकरा वर्षे झाली. म्हणलो नसतो, नाथा. तो शब्द मी परत घेतो. माझ्यामागे तो कुणाच्याही वाट्याला येऊ नये. गाठीची काळी लोकर त्याच मेंढ्याची आहे. वायर चाचपली, पण गाठ सोडलेली नाही.

सही: धुळाजी बिरू गडदे
आमच्यासमोर सही केली: शहादेव खताळ, वनमाला देवकते
युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड. १४ नोव्हेंबर २०२४

ता. क. वायर कशाची, ते लौकर लिही. कलम ४ मला माझ्या हाताने खोडायचे आहे.