वाकड्या लाकडाची स्टुलं

९ जानेवारी

लाकूड आलं. टेम्पोभर. आणि काय लाकूड! मनगटाएवढं, फार तर दंडाएवढं — एक म्हणून सरळ नाही. काका कमरेवर हात ठेवून कारखान्याच्या दारात उभे. "हे सरपण कुणी मागवलं?" मी मागवलं, काका. तुम्हाला माहितीये.

वनाधिकारी बाईंनी पुन्हा सगळं समजावलं, काकांसाठी म्हणून. झाडं दाटीवाटीनं वाढली की सगळीच खुरटतात. मधली काही काढली की उरलेल्यांना उजेड मिळतो. मेथीच्या वाफ्यात करतो तशी विरळणी. पण काढलेलं बारीक लाकूड कुणी घेत नाही, म्हणून पाच वर्षं विरळणीच झालेली नाही. "तुम्ही यातून काही घडवून दाखवलंत तर दरवर्षी करता येईल." काकांनी मान डोलावली. बाईंची गाडी वळली आणि म्हणाले, "झाडवाली बोलते छान. रंधा कोण मारणार?"

वाचनालयाला चाळीस स्टुलं द्यायचीत, जूनअखेर. शब्द देऊन बसलेय.

१२ जानेवारी

काका दिवसभर करवतीला धार लावत बसले. एकच करवत!

२ फेब्रुवारी

पाच नमुने झाले. मी काढलेल्या चित्राबरहुकूम — सरळ गोल पाय, वर गोल बैठक. पण वाकड्यातून सरळ काढायचं म्हणजे निम्म्याहून जास्त लाकडाचा भुसाच होतो. जंगल वाचवायला निघाले आणि भुशाचे ढीग लावतेय. काकांनी ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "डिझायनर बाई, चुलीला बरा आहे हो."

बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. कारखाना त्यांचा, काका त्यांचा धाकटा भाऊ, आणि मी मधेच नोकरी सोडून आलेली. ना धड मालक, ना धड सुतार.

१९ फेब्रुवारी

तडे गेले. पाचातल्या चारांना. लाकूड ओलं होतं. "अजून सव्वा महिना सावलीत राहू दे," काका म्हणाले होते. घाई मी केली. आज ते "सांगितलं होतं" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं — भांडता आलं असतं.

आईनं जेवताना विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, काही नाही. तिनं आणखी एक पोळी वाढली.

२० फेब्रुवारी

काही नाही. झोपले.

६ मार्च

आज एक गोष्ट झाली. सुकत घातलेल्या ढिगातून एक बेचकं काढलं, उगाच उलटं करून भिंतीला टेकवलं. दोन पाय तयारच! झाडानं घडवलेले. एक पाय जोडला की तिपाई — आणि तीन पायांचं कधी डुगडुगत नाही, जमीन कशीही असो. मी इतके दिवस काय करत होते? लाकडाचा बाक मोडून काढत होते, जो मुळातच कामाचा होता.

जुनी चित्रं फाडली. आता बैठक सगळ्यांची एकसारखी, पाय जसे मिळतील तसे. आधी लाकूड बघायचं, मग पेन्सिल उचलायची.

काका भडकले. "पन्नास वर्षं वाकडं सरळ करण्यात गेली माझी! आता म्हणतेस वाकडंच राहू दे. मग सुतार कशाला हवा? लाकूडतोड्या बोलाव!" पण बेचकं हातात घेतलं, एक डोळा मिटून त्याच्या कडेनं नजर फिरवली. बराच वेळ. मग कोपऱ्यात ठेवलं. सरपणात नाही, कोपऱ्यात.

२८ मार्च

जंगलात जाऊन आलो. बेचकी कमी पडणार होती. ती उभ्या झाडातच हेरावी लागतात. बाई म्हणाल्या, यंदाची शेवटची विरळणी आहे, येऊन निवडा. काका कुरकुरत आले. "गुडघे दुखतात," गाडीत चारदा.

एका जागी तीन झाडं, अंगाला अंग लावून उभी. बाईंनी काकांनाच विचारलं, "यातलं कुठलं काढाल?" काकांनी लगेच सर्वांत सरळ, सर्वांत सणसणीत झाडावर थाप मारली. "हे. बघायला नको!" बाई हसल्या. "ते राहणार. ते वाढावं म्हणून तर बाकीची दोन जाणार. साठ वर्षांनी तुमच्यासारखा कुणी येईल, त्याचं आहे ते."

"साठ वर्षांनी!" काका मोठ्यानं हसले. मग हसणं आपोआप थांबलं.

बाईंनी रंगाचा डबा त्यांच्या हातात दिला. तोडायच्या झाडाला पिवळा पट्टा. पहिला पट्टा ओढण्याआधी काका झाडाभोवती दोनदा फिरून आले. तिसऱ्या-चौथ्या झाडापासून स्वतःच पुढे जायला लागले. मान वर करून शेंडे बघायचे, मागे सरकायचे, पुन्हा बघायचे. परतताना एवढंच म्हणाले, "माझ्याकडे आलं ते आडवं होऊनच आलं गं. उभं कधी बघितलंच नाही."

गुडघ्यांचं नाव नाही.

१७ मे

उकाडा. अठरा झाली. पाठ धरलीय.

११ जून

एकतीस. प्रत्येक सांध्याचा कोन वेगळा, काटकोन बघायचा गुण्या लावून उपयोग नाही. काका हाताच्या अंदाजानं खाच पाडतात, पाय बसवतात, टिचकी मारून ऐकतात. मी मापं घेते तोवर त्यांचं होऊन जातं. दमलेय. दमण्याचाही कंटाळा आलाय.

२७ जून

पोचवली. चाळीसही. ग्रंथपाल बाई आधी नुसत्याच बघत राहिल्या. "सगळी वेगळी आहेत!" — तक्रार की कौतुक, कळेना. मग एकेकावर बसून बघायला लागल्या. सहाव्यावरून उठेचनात. "हे माझं. टेबलाशी ठेवा."

काकांना घरी येऊन सांगितलं. "कुठलं? पोक काढलेलं का?" तेच. त्यांना चाळीसही तोंडपाठ.

८ जुलै

एका शिक्षणसंस्थेची खरेदी बघणारे साहेब कारखान्यात आले. वाचनालयात स्टुलं बघून. चारशे हवीत! वर्षाच्या आत.

लगेच वनाधिकारी बाईंना फोन. त्यांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, "विरळणीतून वर्षाला साठेक स्टुलांचं लाकूड निघेल. चारशे म्हणजे राहायला हवीत ती झाडं तोडावी लागतील. परवानगी निघेलही. निघतेच. मी काय सांगणार? तुम्ही ठरवा."

मला माहितीये काय बरोबर. पण दोन वर्षं कारखाना कसाबसा ओढतेय. एवढं एक काम झालं की श्वास घेता येईल. आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणी करीलच. आणि मी थकलेय. बरोबर वागण्याइतकी ताकद उरली नाही, असं म्हटलं तर खोटं नाही.

उद्या दहाला हो म्हणून कळवणार. काकांना सांगितलं. त्यांनी रंध्याचं पातं काढून धार लावायला घेतली.

९ जुलै

दहाला फोन लावला. साहेब गोंधळले. "अहो, तुमच्या काकांनी नऊलाच नाही म्हणून कळवलं की! साठ देऊ म्हणाले, दरवर्षी."

तडक कारखान्यात गेले. ते रंधा मारत होते. मान वर केली नाही. "कोवळी आहेत गं ती."

भांडायलाच गेले होते. तिथेच भुशात बसून राहिले.