तिसऱ्या रिंगनंतर

सोमवार, ५ मे

हात ओले होते तेव्हाच फोन वाजला. तीन रिंग. बंद. म्हणजे राजरत्नची गाडी इगतपुरीहून सुटली. भात टाकला.

राजरत्न बावीस वर्षं ठाण्याला अप-डाऊन करतोय. बावीस वर्षं त्याचा हा फोन मी उचललेला नाही. तेव्हा बोलायला पैसे पडायचे. आता पडत नाहीत, तरी तो तिसऱ्या रिंगला कापतो आणि मी तांदळाला हात घालते. आमची लेक स्नेहा हसते — "आई, एखादा मेसेज तरी करत जा गं बाबांना."

काय लिहायचं मेसेजमध्ये?

जेवतो, बोगीतलं काहीबाही सांगतो, झोपतो. पाचला उठतो.

मंगळवार, ६ मे

चारलाच अंधारून आलं. शेजारच्या सुमनबाई जिन्यातून ओरडल्या, "लय वारं सुटलंय, गच्चीवरचं काढ आधी." चादरी काढेपर्यंत समोरच्या शेडचा पत्रा रस्त्यावर. वीज गेली. जेल रोडला तीन झाडं आडवी, म्हणे.

साडेआठला फोन वाजला. बरं वाटलं. एक, दोन, तीन. थांबला नाही. कापायला विसरला वाटतं, असं म्हणत मी तांदूळ धुतले. वाजून वाजून बंद झाला. कुकर लावला.

दुसऱ्या शिट्टीला कळलं.

लावला तर स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ.

त्याच्यासोबत अमोल असतो. त्याच्या बायकोला, सायलीला विचारलं. "काकू, कसाऱ्याच्या पुढे झाड पडलंय तारेवर. गाड्या जागच्या जागी उभ्या आहेत. पासवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. अमोलचाही लागत नाही." घाटात दरड आली का, हे तिलाही माहीत नाही.

सुमनबाईंना सांगितलं. "मास्तरीण ना तू? वाजला तर उचलायचा असतो फोन, एवढं मला अडाणीला कळतं." मग चटई घेऊन आल्या आणि इथेच बसल्या.

एकच फोन करण्याएवढी बॅटरी असेल. तो मी वाजू दिला.

बुधवार, ७ मे

आठला आला. गाडी कसाऱ्यालाच उभी होती. पहाटे भाजी उतरवून परतणारा रिकामा टेम्पो मिळाला घोटीपर्यंत, पुढे एसटी. शर्टाला कोबीचं पान.

कालचा भात फोडणीला टाकला. पाठमोरी राहूनच विचारलं, "काय सांगायचं होतं?"

"भात टाकू नकोस म्हणून."

"टाकला."

"तो दिसतोच आहे." खाता खाता हसला. मग ताटातली शितं गोळा करू लागला.

"उचलला नाहीस, म्हणून वाजू दिला. कापवेना. घरात वाजतोय, तू तिथेच कुठेतरी आहेस, असं वाटत होतं. मग बॅटरी गेली."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नको म्हणाला नाही.

दुपारभर झोपला. पंखा बंद, वीज नाही. वर्तमानपत्रानं वारा घालत बसले.

गुरुवार, ८ मे

गाड्या सुरू. सातच्या पंचवटीनं गेला.

आठला फोन वाजला. जाताना तो कधी करत नाही. चौथ्या रिंगला उचलला.