आंबिलीचे तीन चमचे

२४ डिसेंबर, मंगळवार
थंडी फार. सु.च्या डाव्या हातात मोजा घातला, तिनं दातानं ओढून काढला. बरोबरच आहे. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं. आता बायकोचं सगळं बोलणं त्या एका हातात. एक बोट म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही.

डॉ. म्हणाले, दहा दिवस तोंडानं घट्ट पेज गेली, ताप आला नाही, तर नाकातली नळी काढू. नाहीतर पोटाला छिद्र पाडून नळी. पातळ काही म्हणजे काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा पावडर घालून, श्रीखंडाइतकं घट्ट.

नियम मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले. तिला सांभाळायला दिवसभर रझियाआपा असतात. वाचून म्हणाल्या, "भाऊ, हे माझ्यासाठी हाय का तुमच्यासाठी?"

२७ डिसें., शुक्र.
तिसरा दिवस. सकाळी सहा चमचे, संध्याकाळी आठ. रझियाआपांचं चालू: "गिळा ताई. अजून एकदा. शाब्बास! अन् माझ्यावर उपकार करून राहिल्यासारखं बघू नका." सु. हसली. तोंड अर्धंच हसतं, पण हसली.

नांदेडहून लेकीचा, मंजूचा फोन. रोजचा एकच प्रश्न, "बाबा, आई खोकली का?" नाही.

३० डिसें., सोम. वेळ अमावस्या
सगळं लातूर शेतात जेवायला. गल्लीत कुत्रं नाही. रझियाआपांनाही मीच शेजारणीसोबत तिच्या शेतावर पाठवलं. लग्नापासून ही अमावस्या आम्ही कधी घरात काढली नव्हती.

दुपारी सु.चा भाऊ शिवा किल्लारीकडून मोटारसायकलवर आला. भज्जी, बाजरीचे उंडे, कॅनभर पातळ आंबील. "दाजी, अक्का शेतात येत न्हाई तर कोप, पूजेचं खोपटंच आणणार होतो. गाडीवर कडबा बसंना." पाच मिनिटं तिच्याजवळ बसला, मग अंगणात जाऊन नाक शिंकरत राहिला. लगेच निघाला, शेतावर पाहुणे होते.

वाटीत आंबील ओतली, माझ्यासाठी. ताकाचा, लसणाचा वास खोलीभर. सु.नं बोट वर केलं. आजारपणात पहिल्यांदा तिनं आपणहून काही मागितलं.

तीन चमचे दिले. खोकली नाही. डोळे मिटून चव घेत राहिली.

चमचा धुतला.

१ जाने., बुध.
संध्याकाळी अंग तापलं. १०२. श्वास भराभर.

२ जाने., गुरु.
दवाखाना. छातीच्या फोटोत उजव्या बाजूला खाली डाग. डॉ. म्हणाले, पातळ काहीतरी श्वासनळीत गेलं असणार. म्हटलं, ती खोकली तर नाही.

"खोकला येईलच असं नाही. घशाला कळतच नाही त्यांच्या. म्हणून तर पातळ नको म्हटलं." मग विचारलं, "काही दिलं होतं का?"

"नाही."

रझियाआपा शेजारीच उभ्या होत्या.

३ जाने., शुक्र.
मंजू सकाळी आली. आईला बघून व्हरांड्यात मला हळूच, "बाई घाईघाईनं भरवत असणार. दुसरी बघू या, बाबा."

"बघू," म्हटलं. बातमी दाबायची नाही, असं वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो.

४ जाने., शनि.
सकाळी रझियाआपांना सांगितलं. सु.ची वेणी घालत होत्या. हात थांबला नाही.

"माहीत हाय. चमचा धुतला तुम्ही, वाटी ताईंच्या उशाशीच राहिली. वाळलेलं पीठ निघता निघंना."

"मग डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"

"तुम्ही कधी बोलता ते बघून राहिले होते. दोन दिवस लागले, भाऊ."

डॉ.ना सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

मंजूला शेवटी. चिडेल म्हणून तयार होतो. चिडली नाही. मग, "तिनं मागितली, का तुम्हाला वाटलं मागितली?"

बोट वर केलं होतं, म्हटलं.

"वाटीकडे?"

तेव्हा खात्री होती. आता आठवायला गेलं की बोट दिसतं, कशाकडे ते दिसत नाही. शिवा नुकताच गेला होता, दार उघडंच राहिलं होतं, गार वारा येत होता. दार लावा, असंही म्हणत असेल.

मंजू आत जाऊन रझियाआपांशी काहीतरी बोलली. माफी मागितली असावी. मी नाही मागितली अजून.

६ जाने., सोम.
ताप उतरला. डॉ. म्हणतात, पोटातल्या नळीचं उद्या सांगा. छाती पुन्हा भरली तर झेपणार नाही. नळी बसल्यावर तोंडानं खाणं परत सुरू होईल का? "काहींचं होतं," इतकंच.

मंजू हो म्हणते. मी म्हटलं, तिला विचारू. रझियाआपांनी चष्मा लावून दिला, मंजूनं उशी उंच केली. मी सांगितलं सगळं, एका वाक्यात एकच गोष्ट.

एक बोट.

मंजूनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं.

मूठ.

"आई, दमलीस का?" त्यावरही मूठ.

सहीचा कागद माझ्या खिशात. उद्या दहाला डॉ. येतील, त्याआधी पुन्हा विचारायचं. या वेळी मंजू विचारणार, मी खोलीबाहेर थांबायचं, असं तिनं ठरवलं. मी हो म्हटलं. हे सगळं सु.च्या समोरच ठरलं. तिला चालेल का, ते कुणी विचारलं नाही.