आईला घेऊन जा

स्टीव्हस्टन, कॅनडा, जून १९४९

इसामूदादा,

आम्हाला किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली, तशी मी आधी आपल्या घरी गेले. युद्धात आपल्याला जपानी म्हणून छावणीत डांबलं, तेव्हा सरकारने न विचारता विकलेलं ते घर. आता तिथं मिसेस पेनॉक राहतात.

गोरी बाई, पण स्वतःच्याच घरात अनवाणी. बूट उंबऱ्याबाहेर.

“बूट घालून आत गेलं की ती रागावते,” त्या कुजबुजल्या. “तुम्ही तिचीच मुलगी ना? अहो, तुमच्या आईला घेऊन जा.”

“आई छावणीत वारली. तिच्या अस्थी मी वेचल्यात.”

“मग रोज माझ्या चुलीवर भात कोण शिजवतं?”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. भात मात्र वाफाळत होता. मी आपल्या भाषेत म्हटलं, “आई, चल. मी टोरांटोत खोली घेतलीय.”

मिसेस पेनॉक चुलीकडे बघत होत्या. “मान हलवतेय,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणतेय.”

“मग राहू दे. घर तिचंच आहे,” म्हणून मी निघाले.

हे पत्र मी जपानला पाठवणार नाही. वाचलंस तर तू लगेच घरी यायला निघशील, आणि तुला हाकलून देणाऱ्या या देशात कुणी पाऊल ठेवू देणार नाही.

तुझी,
मिचिए