हमीदभाईंनी बांधलेली नवी टीम

हमीदभाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

काल तुमच्या गावाहून परत आलो. तुम्ही गेल्याला चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला गेलो होतो. जाताना मनात एकच प्रश्न होता आणि तो गेली तीसेक वर्षं तिथेच मुक्काम ठोकून होता: सौदीतल्या जुबैलच्या आपल्या क्रिकेट टीममधून तुम्ही मला का काढलंत? उत्तर मिळालं. पण ते तुमच्याऐवजी रफिकने दिलं. आता मला तुमच्याशी कडाडून भांडायचं आहे आणि तुम्ही खुशाल निघून गेलात! म्हणून हे पत्र.

एक कबुलीही द्यायची आहे. तुम्ही मला काढल्यावर मी माझ्या बायकोशी, सुनंदाशी, एक खोटं बोललो आणि त्यात तुमचं नाव गोवलं. ते खोटं अजून तसंच आहे. परवा निघताना तिला विचारलं, "येतेस का?" तर म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला नाही जमायचं." तुम्ही गेलात, तरी तिचा राग गेला नाही. तो राग तुमचा नव्हेच, माझ्या वाटणीचा आहे.

तर आधी टीमबद्दल.

तुम्ही पाइप यार्डाचे स्टोअरकीपर, मी प्लँटवर इंजिनीअर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. उभ्या आयुष्यात बॅट हातात धरली नाहीत, पण टीम तुमची. कोणाला घ्यायचं, कोणाची शिफ्ट कोणाशी बदलायची, दम्मामच्या सामन्याला गाडी कोणाची, सगळं तुमच्या स्टोअरमधल्या त्या डुगडुगत्या टेबलावर ठरायचं. मी नावाचा कॅप्टन! दर बुधवारी संध्याकाळी मेसच्या दारावर यादी लागायची आणि शुक्रवारी सकाळी जुम्म्याच्या नमाजाआधी सामना उरकायचा.

यादीचा नियम मात्र माझा होता, हे कबूल. नाव लागलं की यायचंच. ड्यूटी बदला, अंगात ताप असेल तर गोळी घ्या, पण मैदानावर या. आठवतं, आपल्या चिपळूणच्या इलेक्ट्रिशियनच्या बहिणीचं लग्न होतं आणि मी त्याला तिकीट दोन दिवस पुढे ढकलायला लावलं होतं? बिचारा हळदीला पोचला नाही. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात, "कॅप्टन, माणसाला घर असतं रे." मी हसण्यावारी नेलं.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आपल्याकडे जो तो राहण्याचा परवाना, तो इकामा, आणि पासपोर्ट चाचपू लागला. बायकामुलं आधी गेली. सुनंदाला तेव्हा तिसरा महिना होता. तिला मी नाशिकला पाठवलं आणि शब्द दिला की जानेवारी उजाडला की मी येतो, बाळंतपणाला मी तिथे असेन. आमचं पहिलंच मूल होतं हो!

मागोमाग आपले खेळाडूही पांगले. डिसेंबरपर्यंत अकरातले चारच उरले. बंदरावर अमेरिकन सैन्य, रस्त्यांवर रणगाडे वाहणारे ट्रेलर, कंपनीने वाटलेले गॅसचे मुखवटे, आणि या सगळ्यात आम्ही चौघं गडी दर शुक्रवारी मिळतील ते सात जण गोळा करून खेळायचो. मला त्याचा केवढा अभिमान! बाकीचे पळाले, आपण राहिलो, असं मी मेसमध्ये मोठ्याने म्हणायचो. सुट्टीवर जायचे माझे कागद तुम्हीच केले होतेत. तुम्हाला अरबी यायची, कफीलच्या, म्हणजे आपल्याला व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, ऑफिसात तुमची ऊठबस होती. पासपोर्टवर शिक्का बसून दोन-तीन आठवडे झाले होते. तुम्ही रोज विचारायचात, "कधी निघतोस?" आणि मी म्हणायचो, "या शुक्रवारची मॅच होऊ दे." तो शुक्रवार झाला की पुढचा.

मग जानेवारीतला तो पहिला बुधवार. मेसच्या दारावर यादी लागली आणि तीत माझं नाव नव्हतं. माझं नाही, जुन्या चौघांतल्या एकाचंही नाही! होती कोणाची नावं? रायगडचा एक वेल्डर रफिक, मेसमधला मल्याळी आचारी, एसी दुरुस्त करणारे दोघे भाऊ. यांच्यातल्या निम्म्यांना पॅड कुठल्या पायाला बांधायचं तेही ठाऊक नव्हतं.

मी तडक स्टोअरमध्ये आलो. तुम्ही पाइप जोडायचे फ्लँज मोजत होतात. मान वर न करता म्हणालात, "नवी टीम बांधायचीय, कॅप्टन. तो अमेरिकन इन्स्पेक्टर आहे ना, बेसबॉलवाला, त्याने सांगितलं. त्यांच्याकडे क्लबचं ऑफिस असं करतं. जुने चांगले खेळाडू काढून टाकतात, दोन वर्षं हरतात, तोवर नवे तयार होतात."

"आणि जे संकटात टिकून राहिले त्यांचं काय?"

"त्यांनी घरी जायचं," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, तुम्ही मला हाकललंत. म्हणालो, "मग मी जातच नाही! दम्मामच्या टीमकडून खेळतो आणि तुमची ही खिचडी कशी धुऊन काढतो ते बघा." तुम्ही तेव्हा कुठे वर पाहिलंत. "तसं नको करूस रे," म्हणालात. हे मी ऐकलं आणि मला ते आवडलं. वाटलं, घाबरले!

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरवड्यात युद्ध पेटलं, आपल्या बाजूचे विमानतळ बंद झाले आणि मग राग निवळूनही काही उपयोग नव्हता. फेब्रुवारीत नाशिकला जुई झाली. मला ते चार दिवसांनी ऑफिसच्या टेलेक्सवरून कळलं. विमानं सुरू झाली तेव्हा प्लँटवरची माणसं कमी झालेली, रजा कोण देणार? मी ऑक्टोबरमध्ये घरी पोचलो. जुई आठ महिन्यांची होती. मला बघून तिने भोकाड पसरलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना सुनंदाने शांतपणे विचारलं, "तुम्ही जानेवारीत का आला नाहीत?"

हमीदभाई, काय सांगणार होतो? की मला टीममधून काढलं म्हणून रुसून बसलो? घास हातात होता. मी म्हणालो, "हमीदभाईंनी कागद वेळेवर केले नाहीत." इतकं सोपं होतं ते! तुम्ही दीड हजार मैलांवर, वर मी तुमच्यावर चिडलेलो. तोंडातून निघून गेलं आणि तिथेच राहिलं.

आता तुमच्या नव्या टीमकडे वळतो, कारण तिचा अभ्यास मी जितका केला तितका प्लँटचाही केला नसेल. युद्ध संपल्यावर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सामने परत सुरू झाले. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आपल्या डोक्यावर होता, पांढरे कपडे दुपारपर्यंत करडे व्हायचे. मी दम्मामकडून तुमच्याविरुद्ध खेळलो आणि पाच बळी घेतले. रफिकचा तर मधला स्टंप उडवला. तुमचा आचारी स्वतःच्याच विकेटवर बसला होता! तुम्ही बाहेर खुर्चीवर, हातात हुफूफच्या खजुरांचा डबा, आउट होऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक खजूर. हरायचं बक्षीस? मी त्या दिवशी मनात निकाल लिहून टाकला: व्यवस्थापन नापास.

पण तिसऱ्या वर्षी तीच खिचडी लीग जिंकली. रफिक डावखुरा काय बोलिंग टाकायला लागला! मला पटेना. म्हणजे तो इन्स्पेक्टर बरोबर होता? तुम्ही खरंच दोन वर्षं पुढचं बघत होतात? गेल्या वर्षी जुईकडे अमेरिकेत गेलो, तिने बेसबॉलचा सामना दाखवायला नेलं. तिची टीम सडकून हरत होती आणि आजूबाजूचे लोक आरामात खात बसले होते. मी विचारलं, "कोणालाच राग कसा येत नाही?" ती म्हणाली, "बाबा, दे आर रीबिल्डिंग!" मग तासभर तिने मला समजावलं, ऑफिसातली माणसं कोणाला विकतात, कोणाला धरून ठेवतात, त्यांना शिव्या कशा बसतात. मी वहीत टिपून घेतलं. घरी येऊन तुमची टीम त्या मापाने तपासली. बाकी सगळं जुळत होतं, एकच गोष्ट जुळेना. जुन्यांना काढतात, पण बदल्यात काहीतरी घेतात. तुम्ही आम्हा चौघांना नुसतं सोडून दिलंत. असा अडाणी व्यवहार तुमच्यासारखा चोख स्टोअरकीपर कसा करेल?

हाच प्रश्न घेऊन परवा तुमच्या अंगणात बसलो होतो. रफिक शेजारी येऊन बसला. आता त्याची दाढी पांढरी झालीय. मी त्याला सहज म्हणालो, "तुमच्या हमीदभाईंनी नवी टीम मात्र हिमतीने बांधली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कॅप्टन, तुम्हाला अजून माहीत नाय?"

"काय?"

"कसली टीम नि काय! वहिनींचे दिवस भरत आले होते. हमीदभाय म्हणाले, यादीत नाव आहे तोवर हा मनुष्य जागचा हलणार नाय. त्याचाच नियम आहे. आणि एकट्याला काढला तर त्याला संशय येईल, विचारत बसेल. म्हणून बाकीच्या तिघांना विचारून त्यांनापण काढलं. आम्हाला धरून आणलं. आम्हाला सांगितलं होतं, कॅप्टन विमानात बसेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाय."

"आणि मी गेलो नाही तेव्हा?"

"तेव्हा ते दोन दिवस जेवले नाय नीट. म्हणाले, माझा हिशेब चुकला, आता सांगितलं तर तो स्वतःला खाईल."

म्हणजे हमीदभाई, ज्या टीमचं मी तीस वर्षं मूल्यमापन करत होतो ती टीम नव्हतीच! एका माणसाला घरी धाडण्यासाठी तुम्ही अख्खी टीम मोडलीत, बेसबॉलचा दाखला देऊन सजवलीत, दोन वर्षं लोकांचं हसणं सोसलंत. आणि तो माणूस घरी गेलाच नाही.

मला सगळ्यात जास्त आता तुमची नाशिकची भेट छळते. तुम्ही आंब्याची पेटी घेऊन जुईला बघायला आला होतात. ती अडीच वर्षांची होती, तुमच्या मांडीवर चढून बसली. सुनंदाने पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमच्यामुळे माझ्या पोरीला आठ महिने बाप दिसला नाही. कागद करायला एवढा उशीर?" तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. वाटलं, आता सांगणार, कागद तर कधीचे तयार होते. तुम्ही म्हणालात, "चूक झाली, वहिनी."

मी समजलो, मोठ्या मनाने मला पाठीशी घातलंत. तसं नव्हतं ना? तुम्हाला खरंच वाटत होतं की चूक तुमची? यादीतून नाव काढलं नसतं तर मी पुढच्या शुक्रवारनंतर गेलो असतो, असं वाटायचं तुम्हाला? नसतो गेलो हो. मी मला ओळखतो. पण तुम्ही ते ओझं घेऊन जेवलात, जुईच्या हातावर खाऊ ठेवलात, आणि परत कधी आमच्या घरी आला नाहीत.

राग येतो तुमचा! तुमच्याकडे दहा शब्द नव्हते? "बायको वाट बघतेय, निघ गाढवा," एवढं का नाही म्हणालात? तुम्ही बाकीच्या चौदा जणांना विश्वासात घेतलंत आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्यालाच वगळलंत. इथे तुमच्या ऑफिसला मी अजूनही नापासच करतो. की तुम्हाला माहीत होतं, मी ऐकणारा नव्हेच? इलेक्ट्रिशियनच्या वेळी तुम्ही सांगून बघितलंच होतंत. बरोबर आहे. मग हा शेरा माझ्याच नावावर पडतो.

आत्ता सुनंदा समोर मटार सोलतेय. दोनदा विचारून झालं, "एवढं कोणाला लिहिताय?" मी म्हणालो, "हमीदभाईंना." तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "त्यांची बायको कशी आहे? एकटीच असते का?"

हमीदभाई, हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही. म्हणून एक शब्द देतो, आणि या वेळी पुढच्या शुक्रवारवर ढकलत नाही. खाली सही केली की चारही पानं तिच्या हातात देतो. ती वाचेपर्यंत इथून उठणार नाही.

तुमचा,
श्रीधर